कॉलेजात चार वर्षं फुटबॉल खेळणाऱ्या मुलीचं शरीर किती बदलतं?

एक काल्पनिक मुलगी घेऊ. वय १८, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघात नुकतीच दाखल झालेली. वजन ६२ किलो, त्यात चरबी २५ टक्के. वर्षभराने ती पुन्हा मोजणीला आली तेव्हा काट्यावर ६४ किलो भरली. घरच्यांना वाटलं, होस्टेलचं खाणं अंगी लागलं. चरबी मोजली तर २४ टक्के, म्हणजे जेमतेम एक टक्का कमी. प्रशिक्षकही फारसे खूश नाहीत. वर्षभर घाम गाळून एवढंच?

आता जरा हिशेब मांडू. ६२ किलोचे २५ टक्के म्हणजे साडेपंधरा किलो चरबी. उरलेले साडेशेहेचाळीस किलो म्हणजे स्नायू, हाडं, अवयव आणि पाणी. ६४ किलोचे २४ टक्के म्हणजे १५.४ किलो चरबी, आणि उरलं ४८.६ किलो. म्हणजे चरबी जवळपास होती तेवढीच आहे आणि चरबी वगळून जे शरीर उरतं ते दोन किलोंनी वाढलं आहे. हे दोन किलो बहुतांशी स्नायूंचे असतील तर मुलीचं वर्ष उत्तम गेलं. वजनकाटा म्हणतो ती जाड झाली, टक्केवारी म्हणते विशेष काही घडलं नाही, आणि दोघंही चुकीची दिशा दाखवतात.

हे गणित सुरुवातीलाच मांडलं, कारण खेळाडूंच्या शरीराविषयी बोलताना निम्मा गोंधळ इथेच होतो. उरलेला निम्मा गोंधळ आपण कुठल्या महिन्यात मोजतो यावरून होतो, आणि माझ्या मते तोच जास्त मोठा आहे.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलपटू मुलींवर (तिथे या खेळाला सॉकर म्हणतात) असा अभ्यास वारंवार होतो, त्याला कारण आहे. संशोधकाला इतका सोयीचा गट दुसरीकडे सहज मिळत नाही. साधारण एकाच वयाच्या पंचवीस-तीस मुली, एक मैदान, एक प्रशिक्षक, एकच व्यायामाचा आराखडा, आणि विद्यापीठाची प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर. शिवाय या मुली तीन-चार वर्षं तिथेच असतात. निदान पूर्वी असायच्या. त्याबद्दल पुढे बोलू.

या गटाचा जन्म एका कायद्यातून झाला म्हटलं तरी चालेल. १९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगी म्हणून कुणाशी भेदभाव करायला त्याने बंदी केली, आणि खेळही त्यात आले. महाविद्यालयीन खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेने मुलींची पहिली फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धा १९८२ साली घेतली. ती नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने जिंकली, आणि पुढे त्या संघाने विजेतेपदांची सवयच लावून घेतली. आज एकट्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे ‘डिव्हिजन वन’मध्ये, मुलींचे तीनशेहून जास्त संघ आहेत.

खेळाडूला परंपरेने चार हंगाम खेळता येतात, आणि ते पाच वर्षांत पसरवता येतात. एखादं वर्ष बाहेर बसलं तरी तो हंगाम वाया जात नाही. अमेरिकेची नामवंत फुटबॉलपटू मिया हॅम हिने नॉर्थ कॅरोलायनाकडून १९८९ ते १९९३ या काळात असेच चार हंगाम खेळले. मधलं १९९१चं वर्ष तिने पहिल्या महिला विश्वचषकासाठी सोडलं होतं. म्हणून ‘चार वर्षांचा अभ्यास’ असं म्हटलं तरी प्रत्येकीची चार वर्षं सारखी नसतात.

वर्षाची करवत

कॉलेज फुटबॉलचं वर्ष फार विचित्र आकाराचं असतं. ऑगस्टच्या सुरुवातीला संघ जमतो. दोन-तीन आठवड्यांची तयारी होते आणि महिनाअखेर सामने सुरू होतात. नोव्हेंबरपर्यंत साधारण अठरा-वीस सामने, बहुतेकदा आठवड्याला दोन. गुरुवारी एक आणि रविवारी एक, हे वेळापत्रक नेहमीचंच. मध्ये प्रवास, आणि कॉलेजचा अभ्यास तर आहेच. जे संघ शेवटपर्यंत टिकतात त्यांचा हंगाम डिसेंबरच्या सुरुवातीला संपतो. मग परीक्षा, मग सुट्टी. जानेवारीपासून वजनं उचलण्याचा काळ, वसंतात काही थोडे मैत्रीपूर्ण सामने, आणि उन्हाळ्यात मुली आपापल्या गावी. प्रशिक्षकाने दिलेला व्यायामाचा तक्ता सोबत असतो. तो किती पाळायचा हे कागदोपत्री तरी तिच्याच मर्जीवर असतं.

म्हणजे जगातले बहुतेक व्यावसायिक संघ आठ-दहा महिन्यांत जे सामने पसरवतात, ते इथे साडेतीन महिन्यांत कोंबलेले असतात. त्यात एनसीएएचा वेळेचा नियम आहे. हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला ४ तास आणि एक दिवस सुट्टी. हंगामाबाहेर तर आठवड्याला फक्त ८ तास. नियम खेळाडूंच्या भल्यासाठी आहे, पण शरीराच्या बाजूने पाहिलं तर त्याचा अर्थ असा की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भार एकदम चढतो आणि डिसेंबरमध्ये कड्यावरून पडावा तसा कोसळतो.

दमसास, चरबी, स्नायू, उडी यांचा वर्षभराचा आलेख काढला तर तो सरळ चढणाऱ्या जिन्यासारखा येत नाही, करवतीच्या दातांसारखा येतो. चांगल्या उन्हाळी तयारीनंतर दमसास ऑगस्टमध्ये वर असतो, किंवा हंगामाच्या पहिल्या काही आठवड्यांत आणखी थोडा चढतो. ताकद आणि उडी मात्र हंगाम लांबतो तशी घसरायला लागते, कारण वजनांच्या सरावाला वेळ उरत नाही आणि पाय कधी पुरते ताजे होत नाहीत. डिसेंबरच्या सुट्टीत उलटा प्रकार. पाय ताजे होतात, पण दम जातो.

दम इतका लवकर का जातो, हे समजून घेण्यासारखं आहे. नियमित धावणाऱ्या माणसाच्या शरीरात रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढलेला असतो. त्यामुळे हृदयाला दर ठोक्यामागे जास्त रक्त फेकता येतं. धावणं थांबलं की हा वाढीव प्लाझ्मा काही दिवसांतच कमी होऊ लागतो. दोन-तीन आठवड्यांत फरक स्पष्ट जाणवतो. स्नायूंची ताकद मात्र चिवट असते. तीन-चार आठवड्यांची सुट्टी ती बऱ्यापैकी पचवते. म्हणून जानेवारीत परतलेली मुलगी स्क्वॅटमध्ये जवळपास पूर्वीइतकंच वजन उचलते आणि मैदानाला चार फेऱ्या मारताना मात्र धापा टाकते. ती आळशी झाली असं नाही. दम आणि ताकद या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगाने झिजतात, इतकंच.

आता प्रश्न असा की या करवतीच्या एका दाताची उंची जास्त, की चार वर्षांत अख्खी करवत वर सरकते ते अंतर जास्त? आजवरच्या अभ्यासांचा कल पाहिला तर वर्षाच्या आतले चढउतार बहुतेक वेळा वर्षावर्षांमधल्या फरकाइतके किंवा त्याहून मोठे असतात. म्हणून पहिल्या वर्षाचा ऑगस्ट आणि तिसऱ्या वर्षाचा डिसेंबर यांची तुलना करून कुणी ‘या मुलीची फिटनेस घसरली’ असं म्हणत असेल, तर ती दोन वर्षांची तुलना नव्हे, दोन ऋतूंची आहे.

मोजायचं कशाने?

शरीरातली चरबी मोजायचा सगळ्यांत जुना आणि स्वस्त मार्ग म्हणजे चिमटा. दंडाच्या मागे, पोटावर, मांडीवर कातडीची घडी चिमट्यात धरायची, जाडी मोजायची आणि सूत्रात घालायची. हात सरावलेला असेल तर निकाल वाईट येत नाही. पण दोन वर्षांत मोजणारा माणूस बदलला की आकडाही बदलतो. दुसरा मार्ग म्हणजे शरीरातून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडून अंदाज बांधणारी यंत्रं. ही पाण्याच्या प्रमाणावर इतकी अवलंबून असतात की सकाळी मोजलं आणि संध्याकाळी मोजलं तर दोन वेगळ्या मुली वाटाव्यात.

सध्या विद्यापीठांत चलती आहे ती डेक्साची. हे यंत्र मुळात हाडांची घनता तपासायला बनलं. मुलगी टेबलावर काही मिनिटं निश्चल पडून राहते आणि वेगवेगळ्या ऊर्जेचे दोन क्ष-किरण तिच्या शरीरातून जातात. हाड, चरबी आणि बाकीचे मऊ भाग हे दोन किरण वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात. त्यावरून तिघांचा हिशेब लागतो, आणि तोही हात, पाय, धड असा वेगवेगळा. किरणांचं प्रमाण अगदी नगण्य असतं.

डेक्सावर कॉलेज फुटबॉलपटू मुलींची चरबी साधारण २० ते २८ टक्के भरते. हाच संघ चिमट्याने मोजला तर आकडा बरेचदा कमी येतो. त्यामुळे एका विद्यापीठाने चिमट्याने मोजलेले १९ टक्के आणि दुसऱ्याने डेक्साने मोजलेले २४ टक्के शेजारी ठेवून पहिला संघ जास्त तंदुरुस्त ठरवणं म्हणजे दोन वेगळ्या पट्ट्यांनी कापड मोजण्यासारखं आहे. आणि हेही लक्षात असू द्या की बाईच्या शरीराला निव्वळ चालू राहण्यासाठीच सुमारे १२ टक्के चरबी लागते. पुरुषाला ३ टक्के पुरते. पुरुष खेळाडूंचे आकडे डोक्यात ठेवून मुलींच्या अहवालाकडे पाहणारे प्रशिक्षक इथेच चुकतात.

डेक्साही देव नाही. त्याच मुलीला दोन मिनिटांनी परत झोपवलं तरी आकडा तंतोतंत तोच येत नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेने आपली चूक आधी मोजायची असते. काही माणसांना पुन्हा पुन्हा तपासायचं, आकडे सरासरी कितीने हलतात ते पाहायचं आणि त्या चुकीला २.७७ ने गुणायचं. येणाऱ्या संख्येपेक्षा मोठा बदल दिसला तरच तो खरा मानायचा. समजा चरबीच्या टक्केवारीतली चूक ०.४ आहे. गुणाकार १.१. म्हणजे एक टक्का घट दिसली तरी ती घट आहे की यंत्राची कुरबूर, हे सांगता येत नाही.

म्हणजे आपल्या काल्पनिक मुलीचा २५ वरून २४ हा बदल मुळात धरायचाच नाही! प्रशिक्षक ज्यावर नाराज होते तो आकडा अर्थशून्य होता. उलट चरबी वगळून उरलेल्या शरीरातली दोन किलोंची वाढ, तिथली चूक ०.४ किलो धरली तर, मर्यादेच्या बरीच वर आहे. ती टिकते.

तरी एक गोम आहे. चरबी वगळून उरलेल्या या भागाला ‘लीन’ म्हणतात, आणि त्यात पाणीही येतं. ग्लायकोजेन म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं. आदल्या दिवशी दमवणारा सामना खेळून, कमी खाऊन आलेली मुलगी आणि दोन दिवस विश्रांती घेऊन, पोटभर जेवून आलेली तीच मुलगी, यांच्यात स्नायू तेवढेच असूनही लीनच्या आकड्यात किलोभराचा फरक पडू शकतो. म्हणून चाचणी नेहमी सकाळी, उपाशीपोटी, आदल्या दिवशी जड व्यायाम न करता घ्यायची. सांगायला सोपं आहे. रविवारी रात्री उशिरा बसने परतलेल्या संघाला सोमवारी सकाळी मशीनवर झोपवलेलं असतं, तेव्हा हे कोण पाहतं?

दम कसा मोजतात

फुटबॉलमध्ये खेळाडू सलग धावत नाही. चालते, रमतगमत धावते, मग एकदम सुसाट, मग थांबते. नव्वद मिनिटांत मुली साधारण नऊ ते अकरा किलोमीटर कापतात आणि हृदयाची गती सरासरीने कमालीच्या ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. सामन्याचा निकाल ठरवणारं धावणं या अंतराचा छोटासा हिस्सा असतं.

म्हणून मैदानावर यो-यो चाचणी लोकप्रिय झाली. डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांनी ती विकसित केली. वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं, मग दहा सेकंद विश्रांती. वेग दहा किलोमीटर ताशीपासून सुरू होतो आणि टप्प्याटप्प्याने वाढत जातो. भोंग्याच्या आत पोचायला दोनदा उशीर झाला की संपलं. कापलेलं एकूण अंतर हाच निकाल. प्रयोगशाळेत हेच काम ट्रेडमिल आणि तोंडावरचा मुखवटा करतो. त्यातून येणारा व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा. या मुलींमध्ये तो बहुधा किलोमागे मिनिटाला ४५ ते ५० मिलिलिटरच्या आसपास असतो.

‘किलोमागे’ या शब्दाकडे नीट पाहा. आपल्या मुलीचं शरीर पहिल्या वर्षी मिनिटाला २.९ लिटर ऑक्सिजन वापरत होतं असं समजू. भागिले ६२ किलो, उत्तर ४६.८. दुसऱ्या वर्षी ३.० लिटर, भागिले ६४, उत्तर ४६.९. अहवालात लिहिलं जाईल, ‘बदल नाही’. इंजिन मोठं झालं, गाडीही जड झाली, भागाकार तिथेच राहिला. पण चेंडूवर खांद्याला खांदा भिडतो तेव्हा जड आणि मजबूत गाडीचा फायदा होतो, आणि भागाकाराला त्याचा पत्ता नसतो.

चारपैकी सगळ्यांत मोठं वर्ष

चार वर्षांत सगळ्यांत ठळक बदल बहुधा पहिल्या वर्षी दिसतो. कारण साधं आहे. बहुतेक मुली शाळा आणि क्लबचं भरपूर फुटबॉल खेळून आलेल्या असतात, पण पद्धतशीर वजनं अनेकींनी कधी उचललेली नसतात. कॉलेजात आल्यावर आठवड्यातून दोन-तीन दिवस, जाणकार माणसाच्या नजरेखाली, बारबेल हातात येतो. नव्या उत्तेजनाला शरीर भरभरून प्रतिसाद देतं. ताकद झपाट्याने वाढते, आणि सुरुवातीची बरीचशी वाढ तर स्नायू जाड होण्याआधीच मज्जासंस्था शहाणी झाल्यामुळे येते. लीनमध्ये एक-दोन किलोंची भर त्यानंतरची. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून हा वेग मंदावतो. दमसास, वेग आणि उडी यांत तर चार वर्षांत फरक मुळातच लहान असतो, कारण त्या बाबतीत मुली आधीच आपल्या कमालीच्या जवळ पोचूनच कॉलेजात येतात.

अमेरिकेत ‘फ्रेशमन फिफ्टीन’ नावाची एक लाडकी समजूत आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी म्हणे पंधरा पौंड, म्हणजे जवळपास सात किलो वजन वाढतं. सर्वसाधारण विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर सरासरी वाढ दीड किलोच्या आसपासच निघते. पण समजूत हाडीमासी मुरलेली. त्यामुळे खेळाडू मुलगी दोन किलो स्नायू कमावून सुट्टीत घरी गेली की कुणीतरी ‘फिफ्टीन’ची थट्टा करतं, आणि ती परतल्यावर जेवण कमी करते. नुकसान इथून सुरू होतं.

खाणं, आणि खरी झीज

या विषयात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी कल्पना म्हणजे ‘उरलेली ऊर्जा’. दिवसभरात खाल्लेल्या उष्मांकांतून व्यायामाला लागलेले वजा करा. जे उरलं त्यावर हृदय, मेंदू, हाडं, संप्रेरकं, प्रतिकारशक्ती, मासिक पाळी, सगळं चालायचं असतं. चरबी वगळता उरलेल्या शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ४५ उष्मांक उरले तर कारभार सुरळीत चालतो. ३० च्या खाली गेलं की शरीर खर्चकपात सुरू करतं.

आपल्या मुलीचं लीन ४६.५ किलो. तिला गुणिले ४५ म्हणजे सुमारे २१०० उष्मांक व्यायामाव्यतिरिक्त हवेत. दिवसभरात सराव आणि जिम मिळून ७०० खर्च झाले, तर तिने २८०० खायला हवेत. आता तिचा ऑक्टोबरमधला एक दिवस पाहा. सकाळी जिम, मग तास, दुपारी सराव, संध्याकाळी प्रयोगशाळेतलं प्रात्यक्षिक, मध्येच प्रवास. व्यायामानंतर भूकही मारली जाते. दिवसअखेर ती २००० वर पोचली असेल, तर उरले १३००. किलोमागे २८. ती काही ‘डाएट’ करत नव्हती. तिला वेळ मिळाला नव्हता. डिव्हिजन वनच्या एका महिला फुटबॉल संघावर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हंगामाच्या मध्यावर एक तृतीयांश मुली ३० च्या खाली आढळल्या होत्या.

शरीर कपात कुठून करतं? जे आज नसलं तरी जीव जात नाही तिथून. पाळी लांबते किंवा बंद होते. इस्ट्रोजेन उतरतं आणि हाडांची बांधणी मंदावते. दुखापत भरायला वेळ लागतो. सरावाचा भार तोच, पण स्नायू वाढत नाहीत. ऊर्जेची कमतरता, पाळीचा बिघाड आणि कमजोर हाडं या तिघांना मिळून पूर्वी ‘फीमेल अ‍ॅथलीट ट्रायड’ म्हणत. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने व्याप्ती वाढवून ‘रेड-एस’ (म्हणजे खेळातली सापेक्ष ऊर्जाकमतरता) हे नाव दिलं, कारण हा त्रास पुरुषांनाही होतो आणि तीन लक्षणांपुरता थांबत नाही. यातली फसवी गोष्ट ही की सुरुवातीला डेक्सावर चरबी थोडी कमी दिसते आणि अहवाल ‘सुधारणा’ म्हणतो.

लोहाची गोष्ट याला जोडूनच. पाळीतून लोह जातं, घामातून थोडं जातं, आणि जोरदार व्यायामानंतर काही तास हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढून आतड्यातून लोहाचं शोषण अडवतं. साठ्याचं माप म्हणजे फेरिटिन, आणि हंगाम पुढे सरकतो तसं ते उतरलेलं वारंवार दिसलं आहे. हिमोग्लोबिन बरेचदा ठीकच असतं, म्हणून नेहमीच्या रक्ततपासणीत काही सापडत नाही. मुलगी मात्र म्हणत असते, पाय जड झालेत.

आता पहिल्या अकरा आणि बाकावरच्या मुली. जागतिक फुटबॉलमध्ये बाहेर गेलेली खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. कॉलेजच्या नियमांत मर्यादित प्रमाणात परत येता येतं आणि बदलही सढळ हाताने करता येतात, त्यामुळे मिनिटं थोडी वाटली जातात. तरी तफावत राहतेच. काही मुली आठवड्याला पावणेदोनशे मिनिटं खेळतात, काही दहा. सामन्यासारखा भार सरावात कधीच मिळत नाही. मग नोव्हेंबरमध्ये एकाच संघात दोन प्रकारची घसरण दिसते. खेळणाऱ्या मुली अतिश्रमाने झिजलेल्या, आणि न खेळणाऱ्या श्रमाअभावी ढिल्या. दोघींची सरासरी काढली की चित्र छान मध्यम येतं आणि ते संघातल्या कुणाचंच नसतं.

हाडांच्या बाबतीत फुटबॉल हा उपकारी खेळ आहे. धावणं, उडी, झटकन वळणं यांचे धक्के कंबर आणि पायांच्या हाडांना घट्ट करतात. पोहणाऱ्या मुलींना हा फायदा मिळत नाही. आयुष्यभराच्या अस्थिसंपत्तीचा बहुतांश साठा विशीच्या आसपास जमा होत असतो, म्हणजे कॉलेजची वर्षं म्हणजे जमा करायचे शेवटचे दिवस. गुडघ्याच्या बाबतीत मात्र खेळ निष्ठुर आहे. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण फुटबॉल खेळणाऱ्या मुलींत मुलांच्या दुप्पट-तिप्पट आहे. शस्त्रक्रियेनंतर परतायला नऊ महिने किंवा जास्त. त्या पायाची मांडी डोळ्यांदेखत आटते, आणि पूर्ण शरीराच्या आकड्यात ते लपून जातं. म्हणून अशा मुलीचा डेक्सा अहवाल पायागणिक वाचायला हवा.

कोण उरलं, त्यांचीच सरासरी

‘सीनियर मुली फ्रेशमन मुलींपेक्षा जास्त तंदुरुस्त असतात’ हे वाक्य ऐकलं की मी थबकतो. चौथ्या वर्षापर्यंत टिकल्या कोण? ज्यांना मोठी दुखापत झाली नाही, ज्यांना खेळायला मिळालं, ज्या कंटाळून बाहेर पडल्या नाहीत. तंदुरुस्ती वाढली की फक्त तंदुरुस्त मुली उरल्या, हे त्याच मुलींना वर्षानुवर्षं मोजल्याशिवाय कळत नाही. एकाच दिवशी चारही वर्गांतल्या मुली मोजून काढलेला निष्कर्ष म्हणूनच कच्चा. आणि २०१८ साली ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झाल्यापासून खेळाडूंना विद्यापीठ बदलणं सोपं झालं. मुलगी गेली की तिच्यासोबत तिचा आलेखही अर्धवट राहतो. त्यातच कोविडमुळे २०२० चा हंगाम विस्कटला, राष्ट्रीय स्पर्धा २०२१ च्या वसंतात गेली, आणि खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळालं. त्या काळातली चार वर्षं इतर चार वर्षांशी जुळवून पाहायची तर फार जपून.

आकडा कुणाच्या हातात पडतो हाही प्रश्न आहेच. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या धावपटू मुलींनी उघडपणे सांगितलं की चरबीच्या टक्केवारीवर सतत ठेवलेल्या नजरेने त्यांचं खाणं बिघडलं. माझं मत स्पष्ट आहे. तो अहवाल मुलगी, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्यातच राहावा. कुणाला खेळवायचं हे ठरवणाऱ्या माणसाला त्याची गरज नाही. त्याच्याकडे यो-योचे आकडे आहेत, डोळे आहेत.

आपल्या मुलीची फाईल चौथ्या वर्षी उघडली तर तिच्यात असं काहीसं दिसेल. वजन ६२, ६४, ६५, ६५. चरबी २५, २४, २४, २४. यो-यो चाचणीत १०००, १२४०, १२००, १२८० मीटर. पहिल्या वर्षानंतर मोठी वाढ, पुढे सपाट. यावरून तिचे प्रशिक्षक म्हणतील, पहिलं वर्ष सोडलं तर मुलगी एकसारखी स्थिर राहिली. पण ही चारही मोजमापं ऑगस्टमधली, उन्हाळ्याची तयारी करून आल्यानंतरची, करवतीच्या दातांच्या फक्त टोकांची. शेजारी डिसेंबरचा रकाना आहे. हंगाम संपला की मुली परीक्षेला बसतात, मग घरी जातात, आणि प्रयोगशाळाही सुट्टीवर असते. तो रकाना चारही वर्षं कोरा आहे.